शिंप्याची कंबर

अमरावतीला साखरेच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला माझ्या शेजारी परतवाड्याचा एक शिंपी बसायचा. आम्ही दोघं टेकलो की त्या बाकावर तिसऱ्याला जागा उरत नसे. दोघांनाही साखर, रक्तदाब आणि गुडघेदुखी. डॉक्टर दोघांनाही बजावत, "पोट उतरवा, नाहीतर हृदयावर येईल."

चार-पाच महिन्यांत तो उतरू लागला. नंबर लागेपर्यंत गळ्यातली टेप कमरेला गुंडाळायचा, आकडा बघायचा आणि टेप परत गळ्यात टाकायचा. मी कारल्याचा रस प्यायलो, भात सोडला, तरी माझा काटा हलला नाही. एकदा डॉक्टर मला म्हणाले, "यांच्याकडून शिका जरा." मी मत्सरानं तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर मात्र राहवेना. "काय खाता हो तुम्ही?" मी विचारलं.

"खान्याचं काई नाई, साहेब. कापसानं यंदाबी दगा देल्ला. लोकं लग्नाचेबी कपडे शिवून नाई राहिले. दुकानात कोनी येत नाई, म्हणून मशीन सायकलवर बांधून खेड्याखेड्यानं फिरून राहिलो. डॉक्टरले आनंद झाला. मले कवा होईन, अल्लाले ठाऊक."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण तो बोलत असताना मी त्याच्या सपाट पोटाकडेच बघत होतो.

एसटी स्टँड तिथून चांगलं दोन किलोमीटर. तो पायीच निघाला, कुठंही दम न खाता. मी ऑटोला हात केला.