दस्त्यावरची खूण

माझ्या बाबांनी सव्वीस वर्षं केलेल्या कामाचा सरकारदरबारी एकही पुरावा नाही.

त्यात माझाही हात आहे.

बाबांना जाऊन आज वर्ष झालं.

ते सुतार होते. खामगावच्या घरून रोज सायकलने एका सरकारी शस्त्रागारात जायचे. तिथल्या जुन्या रायफलींचे लाकडी दस्ते दुरुस्त करायचे, फुटका भाग कापून तिथे दुसऱ्या लाकडाचं ठिगळ बसवायचे. रोजंदारीवर. हजेरीत नाव नाही. 'सुतार, एक', एवढंच.

रायफली महायुद्धाच्या वेळच्या. दस्ता हातात घेतला की तो कुठल्या कारखान्यात घडला, ते बाबा सांगायचे. लाकडात ठोकलेले शिक्के असतात, नखाएवढे. मुकुट. बाण. चांदणीत एखादं अक्षर.
तेलाने आणि हातांच्या घामाने बुजलेले.
बाबा दस्ता उजेडात तिरपा धरायचे आणि त्यावरून अंगठा फिरवायचे.

जळणात निघालेला एक तुटका दस्ता त्यांनी साहेबांना विचारून घरी आणला होता. मला दाखवायला. मी तेव्हा आठवीत होते.

"पाह्य माय, हा मुकुट. म्हंजे इंग्लंडचा. लाकूड अक्रोडाचं."

"आणि मुकुट पुसला गेला असला तर?"

"मंग त्याले बाप नाई. नुसतं लाकूड."

पुढे तो दस्ता आमचं दार अडवायला लागला. वाऱ्याने आपटू नये म्हणून.

रायफली मोडीत निघणार असं कळलं, तेव्हा बाबांना काम सोडून बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

"एक कागद भेटला पाहिजे. या मानसानं इथं काम केलं, एवढंच लेहेल. शिक्का मारून."

"आता कशाला हवा?"

"दस्त्याले शिक्का हाय. मले नाई."

अर्ज मी लिहिला. मी कॉलेजात मराठी शिकवते.

हजेरी नाही, मग पुरावा काय द्यायचा? मी लिहून टाकलं, 'मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक दस्त्यावर माझी खूण आहे.'

बाबांना विचारलं नाही. वाक्य चांगलं जमलं होतं. आणि दुसऱ्यांच्या खुणा ओळखणारा माणूस स्वतःची करतच असेल, असं मी धरून चालले.

बाबांनी न वाचता सही केली. प्रोफेसर पोरीने लिहिलेलं काय वाचायचं.

अर्ज घेऊन आम्ही दोघं शस्त्रागारात गेलो. साहेब नवे होते, पण भले. बाबांच्या वेळचं तिथे कुणी उरलं नव्हतं. त्यांनी तीन रायफली मागवून टेबलावर ठेवल्या.

"दाखवा मिस्त्री, तुमची खूण. दाखला आत्ता देतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिन्ही दस्ते उलटसुलट करून बघितले. उगाच.

"ठिगळं माहीच हायेत, साहेब."

"ठिगळं सगळ्यांनाच आहेत हो. कुणी लावली, कसं समजायचं? खूण कुठे आहे?"

"निशानी नाई, साहेब."

"मग अर्जात लिहिलंय ते?"

"मीच सांगतलं होतं पोरीले. चुकलो."

मी गप्प राहिले.
हे आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "खूण का नाही केली कधी?"

"ठिगळ हाताले लागलं, त काम बिघडलं, माय. अन् त्याच्यावर आपलं नाव कायले टाकाचं? लाकूड काय माहं हाय?"

थोड्या वेळाने म्हणाले, "कॉलेजातल्या पोरायले बी असंच शिकवतं काय तू?"

हसले. मला हसता आलं नाही.

आठवड्याभरात रायफली गेल्या. लोखंड भट्टीत गेलं. लाकूड जाळलं म्हणतात.
बाबांनी त्या कागदाचं नाव पुन्हा काढलं नाही.

आज सकाळी त्यांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायची म्हणून घर झाडत होते. दारापाशी पडलेला दस्ता उचलला. धूळ पुसली. उन्हात तिरपा धरला, ते धरायचे तसा.

त्यावर ठिगळ आहे. बोटभर लांब.
तीन कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ.
चौथी सरळ येते, मुकुटापाशी पोचते आणि वळते. मुकुटाच्या कडेकडेने जाते. पलीकडे पुन्हा सरळ होते.

सरळ कापलं असतं तर काम लवकर झालं असतं. मुकुट अर्धा गेला असता.

साहेबांच्या टेबलावरच्या त्या तीन दस्त्यांवरही ठिगळाची एक कड अशीच वाकडी होती. शिक्क्यापाशी.
मी ती पाहिली होती.
बाबांचा हात चुकलाय असं वाटून मला साहेबांसमोर लाज वाटली होती.

अर्जातलं ते वाक्य खरं होतं, बाबा.
चुकलो म्हणायचं काम नव्हतं.

जय भीम.