‘मारून राहिला’ म्हणजे काय

ये वं, अशी जवळ बस. दूरदूर काय बसतेस, मी काही तुझ्या विद्यापीठातली सर नाही. आणि बसण्याआधी माझी बोलणी खा. आत्याच्या घरून असं न जेवता निघून जातात का? कढी-गोळे केले होते मी. दुसऱ्या दिवशी एकटीनं खाल्ले, रागारागात, आंबट झालेले.

तू समोर नाहीस, अकोटला बसली आहेस, हे मला कळतं. पण मी बोलते तशीच लिहिते, आणि बोलायला समोर कोणीतरी लागतंच.

इतर वाचणाऱ्यांनाही सांगते. ही माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. अमरावतीला माझ्याकडे राहून विद्यापीठात फौजदारी न्याय शिकत होती. गुन्हा, तपास, जबाब, खटला, शिक्षा, सगळं. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काय ते किराण्याच्या पुडीचे कागद वाचून. ही मोठ्यानं अभ्यास करायची आणि मी मेथी निवडता निवडता ऐकायची. मध्येच विचारायची, “पण मंग आरोपीनं बोललंच नाही तर?” ती म्हणायची, “आत्या, तूच परीक्षेले बस ना वं.” असं आमचं चाललं होतं.

मग तो दिवस आला. सरांनी वर्गात खोटा खटला लावला, सरावासाठी. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सकाळी दोघांचं भांडण झालं आणि संध्याकाळी त्यातल्या एकाचं प्रेत सापडलं. शेजारच्या शेतातल्या बाईचा जबाब होता, “मी पाहिलं तवा तो त्याले काठीनं मारून राहिला होता.” भाची आरोपीची वकील. समोर सरकारी वकील म्हणून मोर्शीचा एक पोरगा.

तो उठला आणि शुद्ध तुपातल्या मराठीत म्हणाला, “साक्षीदार स्वतः सांगते, आरोपी मारून तिथेच राहिला होता. जीव घेतला आणि प्रेताजवळ थांबला.”

आता सांगा! आपल्याकडं शेंबड्या पोरालाही विचारा, मारून राहिला म्हणजे मारत होता. जेवून राहिला म्हणजे जेवत होता. बाईनं पाहिलं तेव्हा तो माणूस जिवंत होता, मार खात होता. नंतर दिवसभर काय झालं, कोण आलं, कोण गेलं, हे तिनं पाहिलंच नाही. सगळा खटला त्या एका शब्दावर उभा.

भाची उठली. सर पुण्याकडचे, त्यांना ठाऊक नसेल म्हणून तिनं नीट सांगितलं. सर म्हणाले, “हा भाषेचा तास नाही. जबाबात जे लिहिलंय ते लिहिलंय.” ही घाबरली आणि घाबरलं की माणूस घरचं बोलतो. म्हणाली, “सर, मी तेच तर समजावून राहिली.”

मागून कोणीतरी ओरडलं, “समजावून कुठं राहिली? हॉस्टेलात का?”

वर्ग हसला. सर हसले. मोर्शीचा तो हसला, त्याचा दोस्त अंजनगावचा, तोही हसला, दोघंही आपल्याच वऱ्हाडातले. सरांना माहीत नव्हतं, एक वेळ सोडून देऊ. पण लेकाहो, तुमच्या घरी तुमची माय काय बोलते? “पोरगा अभ्यास करून राहिला” असंच शेजारणीला सांगत असेल ना ती, कौतुकानं? तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक होता आणि तुम्ही तो फिरवला. हसून फिरवला. माझं डोकं तिथं फिरतं.

कारण हा शब्द फिरवला की काय होतं ते मी पाहिलं आहे. लग्नानंतर आम्ही अकोल्याला होतो. शेजारचा माणूस बायकोला मारायचा. एकदा प्रकरण कोर्टात गेलं आणि मी साक्षीला उभी राहिले. सगळ्या गल्लीत मी एकटी. म्हटलं, “साहेब, तो तिले सालभर मारून राहिला होता.” टाइप करणाऱ्या बाबूनं लिहिलं, “त्याने तिला मारले होते.” वाचून दाखवल्यावर मी म्हटलं, असं नाही हो. तो म्हणाला, “एकच आहे ते, बाई. चला, पुढचा.” नवऱ्याच्या वकिलानं तेच धरलं. एकदा मारलं, रागाच्या भरात, संसारात होतं. तो सुटला. ती बाई पुन्हा त्याच घरात गेली, आणि माझ्याशी बोलायची बंद झाली.

एकच आहे म्हणे! तिचं वर्षभराचं दुखणं त्या बाबूनं एका फटक्यात बसवलं.

म्हणून तू शिकणं सोडून अकोटला गेल्यावर मी विद्यापीठात गेले. सर भले माणूस हो, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, “आजी, तुमची भाषा फार गोड आहे.”

“गोड कायची? ते काय पुरण हाय? जबाब हाय तो, साहेब.”

“पण कोर्टात प्रमाण भाषा लागते ना.”

“वकिलाची लागू द्या. साक्षीदार कुठून आणान, पुण्याहून?”

ते हसले. पुन्हा हसलेच. चहा मी तसाच ठेवून उठले. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, मुलीला यायचं असेल तर येऊ दे, त्याच खटल्याचा दुसरा फेरा सत्र संपायच्या आत आहे. मार्क मात्र देईनच असं नाही.

आणि तुझा बाप! बॅग उचलताना मला म्हणतो, “ताई, म्या म्हणलंच होतं, बीएड करू दे. पोरीच्या जातीले काहून पाहिजे खुनाचा अभ्यास?” मी म्हटलं, “खून होऊन राहिले म्हणून!” तरी तुला घेऊन गेलाच. आणि तू गेलीस. माझा अर्धा राग तिथं आहे, सांगून ठेवते. हसणारे हसले ते हसले, पण जिला अर्थ ठाऊक तीच उठून गेली तर त्या धुऱ्यावरच्या बाईचं म्हणणं आता सांगणार कोण? तो मोर्शीवाला?

पुस्तकं तुझी खाटेवर तशीच आहेत, मी धूळ झटकते. घाबरलीस तर घरचंच बोल, पण खाली बसू नको. मी मागच्या बाकावर येऊन बसेन, हाकललं तरी उठणार नाही. बापाला सांग, आत्यानं बोलावलं आहे. अंजनगावमार्गे येणारी एसटी पकड आणि लवकर ये, माय. मी वाट पाहून राहिली आहे.