आईनं निवडलेला आवाज

नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी मी ठरवलं की घरात स्टिरिओ आणायचा. कॅसेटवाला, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात असलेला, दोन बाजूंना दोन वेगळे स्पीकर. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. ऑफिसातल्या दोघातिघांच्या घरी तो आला होता आणि सोमवारी सकाळी ते लोक वॅटच्याच गोष्टी सांगायचे. वॅट म्हणजे नेमकं काय ते मला ठाऊक नव्हतं, पण जास्त हवे एवढं कळलं होतं.

खरं तर तो आईसाठी आणायचा होता. आईला गाण्याचं वेड होतं आणि आमच्या घरात गाणं ऐकण्याची सोय नव्हती. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसवर होते, म्हणजे पत्रा दाबून, कापून त्याचे भाग काढणाऱ्या मशीनवर. महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. सकाळी आठला येऊन ते झोपले की घर मुकं व्हायचं. आई कुकरची शिट्टी व्हायच्या आत तो उतरवून ठेवायची. भांडी फडक्यावर पालथी घालायची. मी आणि धाकटा भाऊ भांडायचो तेसुद्धा खुणांनी, आणि खुणांनी भांडण्यात जी चीड येते ती ओरडण्यात येत नाही. आई रेडिओ अगदी बारीक करून, त्याला कान लावून, निवडणटिपण करत कव्वाल्या ऐकायची. मान वाकडी करून बसल्यानं तिची मान दुखायची. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

एका रविवारी आई, दादा आणि मी मेन रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार सफारी घातलेला, गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा गृहस्थ. त्यानं चहा मागवला आणि पहिला सेट लावला तो असा, की काउंटरवरच्या कपबशा थरथरल्या.

"कसा वाटला?" तो ओरडला.

"कमी करा," आई म्हणाली.

त्यानं कमी केला.

"अजून कमी. अजून. माणूस शेजारच्या खोलीत झोपलाय असं समजा."

दुकानदारानं बटण फिरवत फिरवत पार खाली आणलं, तर उजवा स्पीकर बंदच पडला. नुसता डावा कुजबुजत राहिला. दुसऱ्या सेटमध्ये दोन्ही बोलले, पण बटण फिरवताना खरखर आली. आईनं दोन्हीला नकार दिला. दुकानदार डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, इतकी वर्षं दुकान चालवतोय. मोठा करून दाखवा म्हणणारे सगळे आले. हळू करून दाखवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. ऑफिसात आता काय सांगणार होते मी, आमचा सेट किती हळू वाजतो ते?

तिसरा सेट काळा, भलामोठा. पुढच्या बाजूला दोन काचा आणि त्यात आवाजाबरोबर उड्या मारणारे काटे. दुकानदारानं कॅसेट घातली, बटण दाबलं आणि स्पीकरच्या वायरी जोडायला तो डब्याच्या मागे वाकला. कॅसेट फिरत होती, काटे नाचत होते, आवाज अजून नव्हता. त्या शांततेत दादांनी मान डोलवायला सुरुवात केली. काट्यांकडे बघत, बोटांनी गुडघ्यावर ताल धरत. मग म्हणाले, "हां! ह्यो लय भारी हाय. आवाज कसा गोड!"

दुकानदार उभा राहिला. वायरींची चार टोकं त्याच्या हातातच होती. त्यानं दादांकडे पाहिलं, मग आईकडे. मी हसणार होते. दादांनी थट्टा केली असंच मला वाटलं. पण दादांचा चेहरा खुशीत होता आणि बोटं अजून ताल धरत होती. मग माझ्या लक्षात आलं, दादांना ऐकू येत नाही.

घरात राहून आम्हाला हे कळलं कसं नाही, असं कुणीही विचारील. पण नवरा ऐकत नाही ही काय आजाराची खूण झाली? ती तर प्रत्येक घरातली तक्रार. दादा मोठ्यानं बोलायचे, तसे प्रेसवरचे सगळेच बोलायचे. समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकायचे, आम्ही म्हणायचो किती लक्ष देऊन ऐकतात. आणि हे सगळं दिसत असताना आम्ही इतकी वर्षं त्यांच्या झोपेसाठी फडक्यावर भांडी पालथी घालत होतो!

आई क्षणभरच थांबली. "भाऊ," ती दुकानदाराला म्हणाली, "जोडा वायरी. आणि आवाज वाढवा, मला काही ऐकू येईना."

त्यानं जोडलं. गाणं सुरू झालं, स्वच्छ, आम्हा सगळ्यांना ऐकू येणारं.

"येईना," आई म्हणाली. "वाढवा."

त्यानं वाढवलं. आई सेटकडे बघतच नव्हती. ती दादांच्या तोंडाकडे बघत होती. "अजून वाढवा." कपबशा पुन्हा थरथरल्या. "अजून." त्या वेळी दादांची बोटं एकदम थांबली, भुवया वर गेल्या, आणि मग त्यांनी खऱ्या गाण्याचा खरा ताल धरला. इतका वेळ धरलेला ताल दुसराच होता.

"आत्ता आलं मला ऐकू," आई म्हणाली. "हाच द्या."

नेमका त्याच वेळी दादांच्या खात्यातला, आमच्याच कॉलनीतला एक जण टॉर्चचे सेल घ्यायला दुकानात शिरला होता. कानांवर हात ठेवून तो म्हणाला, "वहिनींना कमी ऐकू येतं वाटतं?"

"हो ना," आई म्हणाली. "कान गेले माझे."

दुकानदार सेट खोक्यात भरताना, त्या माणसाला ऐकू जाईल असं, आईला म्हणाला, "होतं असं वहिनी, वयानं." त्या दुकानदाराबद्दल मला आजही माया वाटते.

बसमध्ये आईनं माझा हात घट्ट धरला आणि सांगितलं, कुणापुढं अक्षर काढायचं नाही. कारखान्यात दरवर्षी कान तपासायचे. ज्याचे गेले त्याला मशीनवरून काढून आवारात सामान उचलायला लावायचे. नांदगावकडच्या खेड्यातून येऊन, हेल्परपासून सुरुवात करून दादा त्या मशीनवर पोचले होते. त्यांच्या हातचा भाग तपासावा लागत नाही असं साहेब म्हणायचे, आणि ते वाक्य दादा पाहुण्यांना दोनदा सांगायचे. डॉक्टर पाठीमागं उभा राहून कुजबुजत आकडे म्हणायचा आणि ते मागून म्हणून दाखवायचे असत. पण डॉक्टर दरवर्षी तेच आकडे म्हणायचा आणि दादांना ते पाठ होते, हे पुढं त्यांनीच सांगितलं.

सेट घरी आला आणि आई बहिरी झाली. आठवडाभरात कॉलनीला कळलं. बायका तिच्या कानाशी येऊन ओरडायला लागल्या. तिनं ते सोंग असं वठवलं की मी थक्क व्हायचे. हाक मारली की तिसऱ्या हाकेला वळायची. 'मीठ' म्हटलं तर मुद्दाम पीठ आणून द्यायची. तिच्या देखत बायका वाटेल ते बोलायच्या, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या भिशीचं, आणि आई निर्विकार चेहऱ्यानं मेथी निवडत सगळं ऐकून घरी येऊन मला सांगायची. त्यात तिला मजाही यायची, खोटं कशाला बोलू. पण मला राग यायचा. एक स्थळ तर आईचे कान ऐकूनच फिरलं, मुलीतही उतरेल म्हणाले. मी घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, "कानांवरून माघारी जातात त्यांच्या घरी तू काय दिवे लावले असतेस?" स्टिरिओ मात्र रोज संध्याकाळी मोठ्यानं लागायचा. शेजारी म्हणायचे, बिचारीला ऐकू येत नाही, चालायचंच. दादा खुर्ची जवळ ओढून ताल धरायचे.

सहा वर्षांनी दादा निवृत्त झाले. त्यानंतरच्या बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली, खिरीच्या वाट्या हातोहात फिरत होत्या. एका बाईनं आईच्या कानात "खीर! खीर घ्या!" म्हणून ओरडून सांगितलं. दुसरी हसत म्हणाली, "बहिरीला दोनदा सांग गं." दादा समोरच्या ओळीत बसले होते. त्यांना ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि उभे राहिले.

"बहिरा मी हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज तसाही विहारभर जायचा. "तिला समदं ऐकू येतं. सहा वर्षं तुम्ही काय काय बोलला ते बी ऐकलंय तिनं."

बायकांचे चेहरे मी जन्मात विसरणार नाही.

आई तडातडा घरी निघाली. दादा मागं, त्यांच्यामागं मी. "एवढं मी सांभाळलं आणि चारचौघांत सांगून मोकळे झालात," ती पुढं बघतच बोलत होती. मग तिच्या लक्षात आलं. ती थांबली, वळली आणि त्यांच्यासमोर उभी राहून तेच सावकाश पुन्हा बोलली.

दादांनी टोपी काढली. "दुकानातच कळलं होतं मला," ते म्हणाले. "तू माझ्या तोंडाकडं बघत व्हतीस. माझ्यासाठी बहिरी झालीस आन मी ते चालू दिलं. लय चुकलं माझं."

 आईचे डोळे भरून आले होते. खरं सांगायचं तर माझेही.

"आता रोज थोडा वेळ तुझ्या आवाजात लाव," दादा म्हणाले. "पार बारीक. मी बसतो शेजारी."

"बसून काय करणार? तुम्हाला येणारे का ऐकू?"

"नाय येणार," दादा म्हणाले. "बसतो."