किल्ली माझ्या कमरेला होती

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सुनेला नाही, आमच्या बचत गटातल्या बायकांना तर नाहीच. त्यांना मी हीच गोष्ट वेगळी करून सांगितली आहे, आणि ती ऐकून त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आहे. आता जशी घडली तशी सांगते. रडगाणं नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे एका शेठचा लूमचा कारखाना होता. खाली पुरुष लूम चालवायचे. वर पत्र्याखाली बायका मशीनवर कांड्या भरायच्या — लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. त्या बायकांवर देखरेखीला मी. पुरुष मागे नाल्यावर जायचे. बायकांसाठी जिन्याखाली एकच संडास. बायका तिथे वेळ काढतात म्हणून शेठने त्याला कुलूप घातलं आणि किल्ली मला दिली. जेवणाच्या सुट्टीत उघडायचं, एरवी मी ठरवीन तेव्हा.

मी ती घरच्या किल्ल्यांसोबत कमरेला अडकवली. खरं सांगू? मला ते आवडलं. मी स्वतः हवं तेव्हा जायचे. बाकीच्या बायका सकाळपासून पाणी पीत नव्हत्या — मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. रेहाना म्हणून एक होती, नवरा खाली लूमवर. ती म्हणायची, "जन्नत की चाबी तो दीदी की कमर में है." सगळ्या हसायच्या. मीही.

आणि सुगंधा. गणेशपुरीकडच्या पाड्यावरची, तरणीताठी. बाकीच्या "ताई, द्या ना" म्हणायच्या. ही काही म्हणायची नाही — नुसता हात पुढे करायची. जणू वस्तू तिचीच. ते मला खुपायचं.

एका दुपारी तिने तसाच हात पुढे केला. मी म्हटलं, किल्ली शेठ घेऊन गेलेत, आले की बघू. किल्ली माझ्या पदराखाली होती. का म्हटलं असं? कामाची घाई होती? नाही. शेठचा धाक? तोही नाही. तिने एकदा विनवावं, एवढंच मला हवं होतं. तिने विनवलं नाही. मशीनवर जाऊन बसली. थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा हात. मी मान हलवली.

मग तिच्या बसायच्या जागेखालून फरशीवर ओल पसरत आली.

खालून दोन कामगार कांड्या न्यायला जिना चढत होते. रेहाना उठली आणि तिने प्यायच्या पाण्याचा माठ आडवा केला — मुद्दाम. फरशीभर पाणीच पाणी. मला सगळं कळलं होतं. तरी मी ओरडले, डोळे फुटलेत का म्हणून. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पानी ही तो है, दीदी. सूख जाएगा."

दुसऱ्या दिवशी बायका जिन्यात बसून राहिल्या. वर कोणी जाईना. कांडी मिळेना, तसे खालचे लूम एकेक करत थांबले. शेठने मला विचारलं, भानगड काय? मी म्हटलं, किल्ली मी कधी कोणाला नाकारली नाही.

सुगंधा उभी राहिली. समोर सगळे पुरुष. ती गप्प बसली असती तर माठाने तिची लाज राखलीच होती. तरी ती बोलली. "मी किल्ली मांगली, हिनं न्हाय दिली. मी बसल्या जागी मुतले. लूमला तेल घालाया थांबवता ना, शेठ? आमी तर माणसं हाव."

मी म्हटलं — खोटं बोलते.

शेठने विश्वास माझ्यावर ठेवला. पण लूम बंद ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. बायका हलल्या नाहीत. दिवस मावळायच्या आत कुलूप निघालं आणि दाराला आतून लावायची कडी बसली.

पुढे शेठने देखरेखीला आपला भाचा आणला आणि मला मशीनवर बसवलं. माझी पाळी जायची वर्षं. सारखा जिना उतरावा लागायचा. कुलूप असतं तर मला त्या परक्या पुरुषाकडे किल्ली मागत उभं राहावं लागलं असतं. तशी वेळ एकदाही आली नाही. शेजारच्या मशीनवर सुगंधा असायची. मी उठले की माझ्या कांड्यांवर लक्ष ठेवायची, सूत तुटलं तर जोडायची. मागचं काही बोलली नाही. मीही कधी आभार मानले नाहीत.

कारखाना बंद पडला. मग एका महिला दिनाला बचत गटाने मला बोलायला लावलं — विषय, कामगारांचे हक्क. मी ही गोष्ट सांगितली. फक्त शेठसमोर उभी राहणारी बाई मी झाले, आणि किल्ली अडवणारा कोणी एक मुकादम. कामगाराचा हक्क हा आधी माणसाचा हक्क असतो, असंही ठणकावून म्हटलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत सून डोळे पुसत होती. त्यानंतरही मी ती तशीच सांगत आले.

हक्काचं म्हटलं ते खोटं नव्हतं. ते मला ऐकवलं होतं सुगंधाने. आणि माणूस माणसाला कसं झाकतो, ते रेहानाने दाखवलं होतं. त्या दोघींची मी ऋणी आहे. त्या कारखान्यातली उरलेली वर्षं मी अब्रूने काढली. ती अब्रू मला सुगंधाने मिळवून दिली — स्वतःची चारचौघांत उघडी टाकून.