लांबच्याचं नाव आधी

आमच्या घरात सांजच्या प्रार्थनेला एक रीत होती. जो घरापासून सगळ्यात लांब असेल त्याचं नाव आधी घ्यायचं. ही रीत कुणी घातली मला ठाऊक नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या दुसऱ्या कुठल्या घरात ती नव्हती, आणि पाळक म्हणायचे की असं कुठं सांगितलेलं नाही. नसेल सांगितलेलं. आमच्यात होती. मी तिसरी शिकलो आणि पुढं हातात थापी आली, तेव्हा धर्मातलं खोल काही मला विचारू नये. पण आमच्या घरात प्रार्थना कशी होत होती ते मला विचारावं. त्या घोंगडीवर बसणाऱ्यांतला मी एकटाच उरलो आहे.

गाव राहुरीच्या अंगाला, मुळेच्या काठी. ख्रिस्ती घरं गावाच्या एका कडेला, मधे मंडळीची शाळा, आणि रविवारी तीच शाळा आमचं देऊळ. बा गवंडी होता, मी त्याच्या हाताखाली गवंडी झालो. सकाळची प्रार्थना उभ्यानंच, कामाला निघताना उंबऱ्यात. संध्याकाळची बैठी. दिवेलागणीला आई चिमणी कोनाड्यात ठेवायची, भाकरी फडक्यात बांधून चुलीपाशी ठेवायची आणि घोंगडी अंथरायची. बा ओळीखाली बोट ठेवून अडखळत वचन वाचायचा. प्रार्थना मात्र आईची. लोक विचारायचे, घरात बाप्या असताना बाई का प्रार्थना करते. बा म्हणायचा, "माझं बोलनं दगडाला कळतं, तिचं देवाला."

प्रार्थना संपली की एकेकानं मोठ्यानं आमेन म्हणायचं. आधी बा, मग दादा, मग मी, शेवटी वहिनी. शेवटचं आमेन कानावर आल्याशिवाय आई डोळे उघडायची नाही, आणि डोळे उघडल्याशिवाय फडकं सोडायची नाही. भूक कितीही लागलेली असो.

पहिलं नाव आधी माझ्या आत्याचं असायचं. ती नेवाशाला दिलेली. दादा मला कोपरानं ढोसून म्हणायचा, "रोज हिचं नाव आधी. देवाला वाटत असंल नेवासं इलायतेत हाय." आई डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायची, "ऐकू येतंय मला."

मग लढाई आली, भरती आली, आणि दादा लष्करात गेला. लग्नाला वर्ष होत आलं होतं. राहुरीच्या ठेसनावर आम्ही त्याला गाडीत बसवून आलो, आणि त्या संध्याकाळी आईनं त्याचं नाव आधी घेतलं. आत्या दुसरी झाली.

आईला बरं नसलं की वहिनी प्रार्थना करायची. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या तरी ते सुटलं नव्हतं. ती म्हणायची, "लांब हायेत त्यांना संभाळ," आणि पुढं जायची. ती असंच म्हणणार हे ओळखून दादानं जायच्या आधीच तिला त्यावरून छळलं होतं. "अगं, लांब तर लई जन हायेत. देवानं कुनाला म्हनून हुडकायचं? नाव घे की."

"त्याला ठावं हाय," म्हणून ती पदराआड हसायची.

पुढं सिंगापूर पडलं. दादा तिथंच होता. सरकारी कागद आला, तो पाळकांनी ओसरीवर बसून वाचला. बेपत्ता, असं त्यात होतं.

आईनं विचारलं, "म्हंजे हाय का न्हाई?"

"ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ, बाई."

"मग हाय," आई म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.

त्या दिवसापासून आईनं दाराची कडी लावली नाही. त्यानं कधीही यावं आणि त्याला हाक मारावी लागू नये, एवढंच तिचं म्हणणं. शेजारची म्हातारी म्हणायची, "तुमी घराचं शिंगनापूर केलंत की. शनी पावला व्हय आता ख्रिस्तावास्नी?" आई म्हणायची, "चोरानं न्यावं असं काय हाय आमच्यात? न्यायचं त्ये सरकारनं नेलं."

लढाई संपेपर्यंत दादाचं नाव रोज आधी. आम्ही तिघं रोज आमेन. मला कधी शंका आली नाही. येऊ दिली नाही, असं म्हणा. कामावर कुणी दादाविषयी "व्हता" म्हणालं तर मी गारा कालवायचं थांबवून त्याच्याकडं बघायचो, आणि तो "हाय" म्हणेपर्यंत बघत राहायचो.

लढाई संपली आणि माणसं परत यायला लागली. दादाच्याच पलटणीतला एक जण पलीकडच्या गावचा होता, तो एका दुपारी आमच्याकडं आला. अंगावर कातडं आणि हाडं, बाकी काही नाही. आईनं त्याला गुळाचा चहा दिला. पेला दोन्ही हातांत धरून तो खाली बघत बोलला.

"मावशी, त्यो माझ्या शेजारीच गेला. कैदेत हगवन लागली हुती समद्यास्नी. मीच माती दिली. बांबूच्या दोन काटक्या बांधून क्रूस रोवला."

आईनं विचारलं, "तोंड बघितलंस?"

"व्हय."

"तुलाबी ताप आसंल तवा."

"व्हता," तो म्हणाला.

"मग तापात मानसाला कायबी दिसतं."

त्यानं एकदा बाच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग चहा संपवला. निघताना आईनं त्याच्या फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. तो वेशीपाशी गेल्यावर बसला आणि रडला, हे मला नंतर कळलं.

वहिनी चुलीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं. बांगड्या काढून तिनं कोनाड्यात चिमणीशेजारी ठेवल्या. सांजेला आई चिमणी लावायला गेली तेव्हा तिला त्या दिसल्या. तिनं त्या उचलून वहिनीच्या मांडीवर ठेवल्या. "घाल," एवढंच म्हणाली. वहिनीनं घातल्या. आईनं दादाचं नाव आधी घेतलं. बाचं आमेन, माझं आमेन, आणि शेवटी वहिनीचं, इतकं बारीक की आईनं डोळे उघडायला उशीर केला.

गोष्ट मंडळीत पोचली. पाळक समजावायला आले. आमच्या मंडळीत मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. पलीकडच्या आळीत कॅथलिक घरं होती, ते करत. आमच्यात माणूस गेला की तो देवाच्या हाती, त्याच्यासाठी मागण्यासारखं आपल्याकडं काही राहत नाही. लहानपणापासून आम्हाला हे शिकवलेलं.

पाळक म्हणाले, "बाई, आपण मेलेल्यांसाठी मागत नाही."

"मी कुटं मागती मेलेल्यासाठी?"

"मग रोज त्याचं नाव…"

"त्यो लांब हाय म्हनून घेती."

पाळक माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "आईचं बरोबर हाय." बा विळ्यानं सुतळी कापत बसला होता आणि कापतच राहिला.

असंच वर्ष गेलं असेल. मग केडगावहून वहिनीचा थोरला भाऊ आला. वहिनीसाठी एक स्थळ आलं होतं. शेवगावकडचा शाळामास्तर, बायको वारलेली, मूल नाही, निर्व्यसनी. मास्तर थांबायला तयार होता, पण किती थांबणार. पाळक लग्न लावायला तयार होते, फक्त त्यांनी सांगितलं होतं की घरच्यांनी मुलगा गेला हे मानलं पाहिजे. नाहीतर नवरा जिवंत धरून दुसरं लग्न लावल्यासारखं होईल.

"तुमी नुसतं व्हय म्हना, आत्याबाई," तो आईला म्हणाला. "माझ्या भनीचं वय काय हाय? तिनं असंच सरायचं का?"

मी म्हणालो, "अन् आमचा मानूस दारात येऊन उभा ऱ्हायला तर? मास्तराला काय, परत धाडायचं?"

"येनार कुठनं, पाव्हनं? ज्यानं पुरलं त्यानं सांगितलंय."

"तू पुरलं व्हतंस?"

"आरं, तू खुळा हाईस का हट्टी?"

"हट्टी हाय," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

आई एवढंच म्हणाली, "तिला विचारा." पण तिला कुणी विचारलं नाही. वहिनी ओसरीच्या खांबाशी ज्वारी निवडत होती. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला. भाऊ बोलायचा थांबला तरी तिचा हात थांबला नाही.

त्या संध्याकाळी पाहुण्यासकट आम्ही घोंगडीवर बसलो. बानं वचन वाचलं. आईनं डोळे मिटले आणि दादाचं नाव आधी घेतलं. त्याला संभाळ, त्याला घरी आण. मग आत्या, मग गाव, मग पाऊसपाणी. बाचं आमेन झालं, माझं झालं, पाहुण्यानंही म्हटलं.

वहिनीचं आलं नाही.

आई वाट बघत राहिली. माझे डोळे मिटलेले होते, आणि मी ते उघडले नाहीत. चुलीतलं लाकूड विझत आल्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी शेळी हाकत गेलं. वहिनीचा श्वास मला ऐकू येत होता, ती माझ्या डाव्या हाताला बसायची. मला वाटत होतं, म्हणून टाक एकदाचं. एवढी वर्षं म्हटलंस, आज म्हण. आणि दुसऱ्या बाजूला आईचं बसणं मला न बघता दिसत होतं, मान खाली, ओठ घट्ट. दोघींतली एक हलली तर दुसरी मोडणार होती, आणि दोघी हलत नव्हत्या.

तेव्हा बा बोलला. बानं घरात मोठ्यानं प्रार्थना केलेली मी कधी ऐकली नव्हती. तो म्हणाला, "देवा, आमची एक लेक आता लांब चाललीय. तिचं नाव आधी." आणि त्यानं वहिनीचं नाव घेतलं. "तिला तिच्या घरात सुखी ठेव." पुढं त्याला सुचलं नाही. त्यानं तिथंच थांबवलं. दादाचं नाव त्यानं कुठंच घेतलं नाही. त्यातून आम्हाला सगळ्यांना कळलं.

आईनं आमेन म्हटलं नाही. तिनं डोळे उघडले, फडकं सोडलं, आणि पहिली भाकरी वहिनीच्या ताटात वाढली. वहिनी ताटावर वाकून रडायला लागली. आई म्हणाली, "जेव. गार व्हतंय." ती स्वतः त्या दिवशी जेवली नाही. झोपायला जाताना तिनं दाराची कडी लावली. किती वर्षांनी तो आवाज ऐकला. मी भिंतीकडं तोंड केलं.

वहिनीचं लग्न लागलं. त्यानंतर आई पहिलं नाव वहिनीचं घ्यायची, कारण शेवगाव नेवाशापेक्षा लांब. पण त्याच्या आधी ती एक श्वास थांबायची. तिथं काही म्हणायची नाही. बा आणि मीही त्या जागी थांबायचो. बाचं बरोबर होतं असं सगळी मंडळी म्हणाली. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी पुरतं हो म्हणत नाही.

थोड्याच वर्षांत आई अंथरुणाला खिळली. निरोप गेला तशी वहिनी आली, कडेवर मास्तराचं पोर घेऊन. दुपारची वेळ होती. आईला बोलायला त्रास व्हायचा. तिनं बोटानं घोंगडी दाखवली, म्हणजे बसा. बा बसला, मी बसलो. आईनं वहिनीकडं बघितलं, म्हणजे तू कर.

वहिनीनं पोराला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. आईच्या श्वासाची जागा आली तिथं ती थांबली. मग तिनं दादाचं नाव घेतलं. पुरतं, बापाच्या नावासकट, कुणाला ओळखायला चुकू नये असं. तो आता तिचा नवरा नव्हता, तिला ते नाव घ्यायला मोकळीक होती. तिच्या तोंडून ते आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. तिनं काही मागितलं नाही. संभाळ म्हणाली नाही, आण म्हणाली नाही. "त्यो आमाला दिलास म्हनून तुझे उपकार मानती," एवढंच म्हणाली.

बानं आमेन म्हटलं. मी म्हटलं. मग आम्ही थांबलो. आईचे ओठ हलले, पहिल्यांदा आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला.

"आमेन," आई म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "फडकं सोड. ती लांबून आलीय."