सुमनअक्कांची खुंटी

घर सजवून झालं की मालकांच्या हाती किल्ली देण्याआधी सुमनअक्का चपला काढून दाराबाहेर जायच्या. डोळे मिटायच्या, दार ढकलायच्या आणि आत पाऊल टाकताच डावा हात भिंतीकडे न्यायच्या. तिथे कमरेच्या जरा वर एक लाकडी खुंटी असायची. न चाचपडता हात तिच्यावर पडला, तर कानडीत म्हणायच्या, "सरी," म्हणजे ठीक. नाही पडला तर, "स्वल्प चुकलं गं, मेघा." मग मी सुताराला परत बोलवायची. माझ्या कामांच्या यादीत मी शेवटचा एक दिवस या खुंटीसाठी मोकळाच ठेवत असे.

मल्लेश्वरममधल्या दोन खोल्यांत आमचा गृहसजावटीचा धंदा होता. हिशेब, माणसं, वेळापत्रक माझ्याकडे. रंग, कापड, लाकूड अक्कांकडे. अक्का मूळच्या कारवारकडच्या, पण लग्न झाल्यापासून बंगळूरच्याच. अलीकडे प्रत्येकाला किनाऱ्यावरचं घर हवं असतं. लोक मोबाइलवर फोटो दाखवतात: पांढऱ्या भिंती, वाळूच्या रंगाचे पडदे, विटक्या निळ्या उशा, दोरी गुंडाळलेले दिवे. अक्का सगळं मन लावून बघायच्या. "समुद्राकाठी कुणी पांढरा सोफा घेतं होय? खाऱ्या हवेत लगेच कळकट होईल," त्या हसून म्हणायच्या. "पण इथं चालेल. इथं समुद्र कुठाय?" एका गृहस्थांना भिंतीवर नांगर हवा होता. अक्का म्हणाल्या, "नांगर भिंतीला टांगला, तर होडी काय तुम्ही हाताने धरणार?"

खुंटीवरून मात्र थट्टा चालत नसे. एका बाईंनी तिला कुत्र्याचा पट्टा अडकवला होता. अक्कांनी तो काढून त्यांच्या हातात दिला. "इथं काही अडकवायचं नाही. मोकळी राहू दे."

"अक्का, एवढी खाली कशाला?" मी एकदा विचारलं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून दिव्यांचं सामान घेऊन येताना आम्ही रिक्षात अडकलो होतो.

"बाबा बुटके होते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या शाळेत असताना बाबा मासे धरायला गेले. होडी सापडली, बाबा नाहीत. बाबा पहाटे अंधारातच घरी यायचे आणि दिवा न लावता ओला सदरा दारामागच्या खुंटीला अडकवायचे. आईने ती खुंटी कायम मोकळी ठेवली. पुढे आई गेली आणि घर रस्तारुंदीत पाडलं.

"आता बाबा आले तर जातील कुठे?"

"अक्का, कारवार कुठे, बंगळूर कुठे."

"मी आले ना बसने? ते विचारत विचारत येतील. म्हणून तर खुंट्या जास्त हव्यात. एका दारी नाही जमलं तर दुसऱ्या."

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी पावत्या लावायला घेतल्या.

येलहंक्याचं घर हे आमचं शेवटचं. तिथे अक्का डोळे मिटून आत आल्या आणि हात थेट खुंटीवर पडला. पण "सरी" म्हणाल्या नाहीत. खुंटी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"ओली आहे," त्या हळूच म्हणाल्या.

मी हात लावून पाहिला. कोरडी होती. "पॉलिश वाळलं नसेल," मी म्हटलं.

त्याच महिन्यात अक्का झोपेतच गेल्या. चेहरा निवांत होता.

गेल्या आठवड्यात येलहंक्याच्या शिल्पाताईंचा फोन आला. "मेघाताई, दाराजवळच्या त्या हुकखाली रोज सकाळी पाणी असतं. लीकेज आहे का बघता?"

मी सकाळीच गेले, नेहमीसारखी यादी घेऊन. त्या भिंतीत नळ नाही. एसीचं पाणी दुसऱ्या बाजूला जातं. वरचा फ्लॅट कोरडा. फरशी पुसणारी बाई दहाला येते. एकेका ओळीवर मी बरोबरची खूण केली.

"हुक काढूनच टाकू का? तसा काही उपयोग नाही त्याचा," शिल्पाताई म्हणाल्या.

"राहू द्या," मी म्हटलं. "आणि त्याला काही अडकवू नका."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी खाली बसून त्या ओल्यावर बोट टेकवलं. बोटाला बारीक रेती लागली. पाणी खारं आहे का, एवढंच तपासायचं उरलं होतं. मी बोट तोंडापर्यंत नेलं, आणि रुमालाला पुसलं.