नासरेथची मेणबत्ती

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. नातवंडं विचारायची, "आबा, परदेशात काय पाहिलं?" मी ठिबकच्या नळ्या आणि रेताड जमिनीतल्या बागा सांगायचो, नासरेथ गाळून टाकायचो. आता माझे मोठे भाऊ, आमचे नाना, राहिले नाहीत. ज्याला हे सांगायला हवं होतं तोही राहिला नाही.

नव्वदच्या दशकात इस्रायलचा व्हिसा मिळू लागला, तेव्हा आमच्या धुळ्याकडच्या काही लिंबू बागायतदारांनी तिकडची शेती पाहायला जायचं ठरवलं. पुढारी नानाच. माझ्या बांधाला लागून ज्याचं शेत, तो माझा मित्र धर्माने ख्रिस्ती. त्याचा पासपोर्ट सगळ्यांच्या आधी तयार. ठिबक तो जळगावलाही पाहू शकला असता. त्याला येशूचं गाव पाहायचं होतं आणि तिथे आपल्या मायच्या नावाने मेणबत्ती लावायची होती.

निघायच्या तोंडावर नाना म्हणाले, "तुझा दोस्त फिरला. तुझ्यासोबत यायचं नाही म्हणतो."

त्याच्या जागी नानांचे जावई आले. मी रागाने विचारायलाही गेलो नाही. एसटी स्टँडवर त्याची बायको आली, कागदात गुंडाळलेली मेणबत्ती माझ्या हातात दिली. "सासूबाईंच्या नावाने लावा, भाऊजी." एवढंच बोलून ती गेली. मी मनात म्हटलं, दगा देतो आणि वर काम सांगतो.

नासरेथ डोंगरउतारावर आहे. मला वाटलं होतं, सगळं गाव हात जोडून गप्प बसलेलं असेल. पण चर्चच्या खालीच बाजार भरलेला. मसाल्यांची पोती, पाकात बुडवलेल्या मिठाया, कॅसेटवर अरबी गाणी. घंटा थांबते तोच बांग. चर्चमध्ये लोक वाळू भरलेल्या ताटात मेणबत्त्या खोवत होते. माझा हात खिशातल्या मेणबत्तीकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला. त्याला यायचं नव्हतं ना, मग मी का लावू?

खाली येऊन वेलदोड्याची कॉफी प्यायला बसलो. दुकानदार अरबीत गिऱ्हाइकांना हाका मारत होता, गळ्यात क्रूस.

"बोलतो मुसलमानासारखा आणि गळ्यात येशू," नाना म्हणाले. "कोण म्हणायचा हा?"

"मामा, आपण अहिराणी बोलतो म्हणून आपला देव वेगळा झाला का?" जावई म्हणाले.

नाना हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा दोस्त नाही आला ते बरं झालं. इथून उठलाच नसता. मीच त्याला सांगितलं होतं, माझ्या भावाला तू सोबत नको आहेस."

"माझं नाव सांगितलं?"

"दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं त्याने? जागा मोजक्या, आणि जावयांना आणायचं होतं. कॉफी पी, गार होते."

मी कॉफी प्यालो. चर्च समोर दिसत होतं. मोठ्या भावापुढे आवाज चढवायची आमच्यात रीत नव्हती, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण मेणबत्ती लावायला आवाज कुठे लागतो? गाडीचा हॉर्न वाजला आणि मी जाऊन बसलो.

परत आल्यावर त्याने बांधावरूनच विचारलं, "कसं शे ते गाव?" मी बाजार, घंटा, बांग, सगळं सांगितलं. कॉफीवाल्याचं ऐकून तो हसलाही. मग म्हणाला, "मायनी मेणबत्ती?"

"लावली," मी म्हणालो.

त्याने वाकून बांधावरचं एक ढेकूळ बाजूला केलं. "मंग जाऊ दे," म्हणाला. "तू मला नको म्हणालास, ते मी सोडलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नानांचं खोटं सांगायचं तर माझंही सांगावं लागणार होतं. मी मान हलवली, जणू ती माफी माझीच होती.

पुढे तो धुळ्याला दवाखान्यात होता. मी भेटायला जायचो, लिंबाच्या भावाचं बोलून परत यायचो. जिना चढताना जुळवलेलं वाक्य त्याच्या खाटेपर्यंत कधी पोचलं नाही: तुला नको म्हणणारा मी नव्हतो, पण तुझ्या मायची मेणबत्ती मी लावली नाही, मला माफ कर.